तासाभराचा अहवाल आणि तान्हे बाळ

गेल्या अंकात गरोदरपणी करायच्या लघवीच्या तपासणीविषयी लिहिताना, नवजात बाळाला घातक ठरणाऱ्या काही जिवाणूंचा छडा आता तासाभरात लागू शकतो, असे एक वाक्य मी ओघात लिहून गेले होते. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रे आली तेवढी उरलेल्या संपूर्ण लेखावर आली नाहीत. गोव्यातल्या पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांतले सहा निवडून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या सुनेला नववा महिना लागला आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘जीबीएस स्वॅब’ असे लिहून दिले आहे. २०२५ साली पुण्यात जीबीएसची साथ आल्याचे आम्ही वर्तमानपत्रांत वाचले होते. हातपाय लुळे पडणारा तो आजार सुनेला असल्याची शंका डॉक्टरांना आहे काय? घरात कोणालाच झोप नाही. (एक सासूबाई, डिचोली)

उत्तर : आधी शांतपणे झोपा. दोन वेगळ्या गोष्टींची आद्याक्षरे सारखी आली आहेत, एवढाच हा घोटाळा आहे आणि तो करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत. पुण्यात ज्याची साथ आली तो गुइलेन बॅरे सिंड्रोम. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. तुमच्या सुनेच्या चिठ्ठीवरचे जीबीएस म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस नावाचा एक जिवाणू. तो निरोगी स्त्रियांच्या आतड्यात आणि योनिमार्गात कसलाही त्रास न देता राहतो. स्वॅब म्हणजे कापूस गुंडाळलेल्या काडीने घेतलेला नमुना. तो घेण्याचा अर्थ सुनेला आजार आहे असा नसून, हा पाहुणा सध्या मुक्कामाला आहे की नाही, एवढेच पाहायचे आहे.

तुमच्या पत्राच्या शेवटी ओशाळत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही येथेच देते. हा जिवाणू सापडला म्हणजे अस्वच्छता होती किंवा नवरा-बायकोपैकी कोणाचे पाऊल वाकडे पडले, असे मुळीच नाही. जगभरातील गरोदर स्त्रियांपैकी शंभरात साधारण अठरा जणींच्या अंगी तो असतो आणि दक्षिण आशियात हे प्रमाण काहीसे कमी आढळते. आईकडे जिवाणू असेल तर जवळजवळ निम्म्या बाळांच्या अंगावर तो प्रसूतीच्या वेळी येतो. पण आईला प्रतिबंधक औषध दिले नाही तरी अशा मातांच्या शंभर बाळांपैकी एक किंवा दोनच बाळे पहिल्या आठवड्यात आजारी पडतात. संख्या लहान वाटते, परंतु त्या एका-दोघांना होणारा आजार म्हणजे रक्तातील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर, आणि तो काही तासांत वाढतो. चाचणीचा खटाटोप आहे तो त्यांच्यासाठी.

तुमच्या गोठ्यात गाई आहेत असे पत्रात आहे, म्हणून एक गंमत सांगते. या जिवाणूच्या शास्त्रीय नावातील ‘अ‍ॅगॅलॅक्टिए’ या शब्दाचा अर्थ ‘दूध नसणे’ असा आहे, कारण त्याची पहिली ओळख झाली ती गाईची कास सुजून दूध आटण्याच्या रोगातून. अमेरिकेतील रिबेका लान्सफिल्ड यांनी १९३३ साली स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचे गट पाडले, तेव्हा याच्या वाट्याला ‘बी’ हे अक्षर आले. बाळंतिणींचा तो जीव घेऊ शकतो हे १९३८ मध्ये नोंदले गेले. नवजात बाळांचा शत्रू म्हणून त्याच्याकडे डॉक्टरांचे खरे लक्ष गेले ते मात्र १९७० नंतर.

प्रश्न : मला आठवा महिना चालू आहे. ही तपासणी नेमकी कधी करावी? दुखते का? आणि जिवाणू सापडलाच, तर प्रसूतीची वाट न पाहता आताच गोळ्या घेऊन तो काढून का टाकू नये? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : गरोदरपणाचे छत्तीस आठवडे पूर्ण झाल्यापासून अडतीस आठवडे पूर्ण होईपर्यंतचा काळ यासाठी योग्य मानला जातो. त्याआधी केलेल्या तपासणीचा प्रसूतीच्या दिवशी फारसा उपयोग नसतो, कारण हा जिवाणू येतो, जातो आणि पुन्हा येतो. एका कल्चर अहवालावर, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहिलेल्या तपासणीवर, साधारण पाच आठवडे विसंबता येते, म्हणून पाचव्या-सहाव्या महिन्यातला जुना अहवाल जपून ठेवला असेल तर तो फाइलमध्येच राहू द्या. तपासणी दुखत नाही. एकच स्वॅब आधी योनिमार्गाच्या बाहेरच्या भागातून आणि मग गुदद्वारातून फिरवतात. ही दुसरी पायरी संकोचापायी अनेकदा गाळली जाते आणि जिवाणू असूनही अहवाल ‘आढळला नाही’ असा येतो, कारण त्याचे मूळ घर आतड्यात आहे. नीट समजावून सांगितले तर बाई स्वतःदेखील हा स्वॅब घेऊ शकते.

गोळ्यांविषयीची तुमची शंका तर्काला धरून आहे, पण जिवाणूला तर्क कळत नाही. गोळ्यांनी तो योनिमार्गातून काही काळ नाहीसा होतो आणि आतड्यातून परत येतो. मधल्या काळात तुमच्या पोटातील उपयोगी जंतू मात्र हकनाक मरतात. म्हणून पेनिसिलिन शिरेतून देतात आणि तेही कळा सुरू झाल्यावर किंवा गर्भजलाची पिशवी फुटल्यावर. बाळ जन्मण्यापूर्वी किमान चार तास आधी ते मिळालेले असावे असा प्रयत्न असतो. कळा येण्यापूर्वी आणि पिशवी शाबूत असताना ठरवून सिझेरियन होणार असेल, तर या जिवाणूसाठी वेगळे पेनिसिलिन लागत नाही. याच गरोदरपणात लघवीच्या कल्चरमध्ये हा जिवाणू सापडून गेला असेल, तर स्वॅबचीच गरज नाही. औषध द्यायचे हे तेव्हाच ठरलेले असते.

तुम्हाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल, तर ते स्वॅबसोबतच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहायला सांगा. मग प्रयोगशाळा जिवाणू वाढवून पर्यायी औषध लागू पडते की नाही तेही तपासते. हे काम तासाभराच्या यंत्राला जमत नाही.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. जिवाणू वाढवून पाहायला दोन-तीन दिवस लागतात असे आम्ही मुलांना सांगतो. मग तासाभरात उत्तर देणारी चाचणी नेमके काय पाहते? आणि ती इतकी चांगली असेल तर जुनी पद्धत बंद का झाली नाही? (एक शिक्षक, साखळी)

उत्तर : गुरुजी, तुमच्या प्रश्नासाठी मी या सदराची सर्वांत जास्त जागा राखून ठेवली आहे.

आधी जुनी पद्धत पाहू. स्वॅबवर शेकडो प्रकारचे जंतू असतात. त्यांतून आपला जिवाणू वर यावा म्हणून स्वॅब प्रथम एका पोषक द्रवात घालतात. त्यात अशी प्रतिजैविके मिसळलेली असतात की इतर बरेच जंतू दबतात आणि हा वाढतो. यात एक दिवस जातो. दुसऱ्या दिवशी त्यातला थेंब रक्त मिसळलेल्या अगर या घट्ट जेलीच्या ताटलीवर रेघून ती शरीराच्या तापमानाला ठेवतात. तिसऱ्या सकाळी ताटली उघडली की बारीक, करड्या, किंचित चकाकणाऱ्या वसाहती दिसतात आणि त्यांच्याभोवती रक्त विरघळल्याचे पुसट वलय असते. पण वलय आणखी काही जंतूंभोवतीही पडते, म्हणून ओळख पटवायला मी शिकत होते तेव्हाची आणि आजही केली जाणारी एक सुरेख परीक्षा आहे. नव्या ताटलीच्या मधोमध स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जिवाणूची एक उभी रेघ ओढायची आणि तिला काटकोनात, पण तिला न टेकता, दोन-तीन मिलिमीटर अंतर सोडून संशयित जिवाणूची आडवी रेघ ओढायची. दुसऱ्या दिवशी दोन्ही रेघा जेथे जवळ येतात तेथे लाल ताटलीत बाणाच्या टोकासारखा स्वच्छ, पारदर्शक त्रिकोण उमटलेला असेल, तर तो ग्रुप बी समजावा. ख्रिस्टी, अ‍ॅटकिन्स आणि मुंच-पीटरसन या तिघांनी १९४४ साली हे वर्णन केले आणि त्यांच्याच आद्याक्षरांवरून परीक्षेला ‘कॅम्प’ हे नाव पडले. एका जिवाणूच्या स्रावाने रक्तपेशी अर्धवट कमकुवत होतात आणि दुसऱ्याचे प्रथिन त्या फोडून टाकते. दोघांच्या संगनमताचा तो बाण. शाळेच्या मुलांना तो प्रत्यक्ष दाखवता आला असता, तर अर्धा वर्ग सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळला असता असे मला नेहमी वाटते.

आता नवी पद्धत. तो बाण उमटवणारे प्रथिन ज्या जनुकामुळे तयार होते, तेच जनुक पीसीआर चाचणी शोधते. म्हणजे सावज जुनेच आहे, फक्त पाठलागाची रीत बदलली. पीसीआर हा शब्द आपल्याकडे २०२० सालापासून घराघरांत पोहोचला, पण कॅरी मुलिस यांना ही कल्पना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये तिला रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. डीएनएचे दोन पेड सुमारे ९५ अंश सेल्सिअसला सुटे करायचे, तापमान उतरवून हव्या त्या जनुकाच्या दोन्ही टोकांना छोटे तुकडे चिकटू द्यायचे आणि एका विकराकडून (एन्झाइमकडून) मधला भाग नकलून घ्यायचा. उष्णतेत न मरणारे हे विकर मिळाले गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूकडून. प्रत्येक फेरीत नकला दुप्पट होतात. तीस फेऱ्या झाल्या की एका तुकड्याचे १०७ कोटींहून अधिक तुकडे होतात, आणि त्यांना जोडलेल्या रंगद्रव्याचा प्रकाश यंत्राला दिसू लागतो.

मुलांना हिशेब असा घालता येईल. अत्यंत अनुकूल स्थितीत ई. कोलाय हा जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्याला तीस वेळा दुप्पट व्हायला दहा तास लागतील, आणि तेही तो जिवंत, धडधाकट आणि वाढण्याच्या मनःस्थितीत असेल तर. यंत्र त्याच तीस दुपटी तासाच्या आत उरकते, कारण ते जिवाणू वाढवत नाही, त्याच्या ओळखपत्राची एक ओळ तेवढी छापत बसते.

आणि येथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ओळखपत्राच्या नकलेला औषधांची परीक्षा देता येत नाही. तो जिवाणू कोणत्या प्रतिजैविकाला दाद देतो हे पाहायला तो हाताशी, जिवंत असावा लागतो. मेलेल्या जिवाणूचा डीएनएही यंत्र तितक्याच तत्परतेने मोजते. शिवाय यंत्राला आपण ज्याच्याविषयी विचारू त्याच्याचविषयी ते बोलते. ताटली मात्र न विचारता इतरांचीही चहाडी करते. स्वॅबवर चिकट स्राव किंवा रक्त जास्त असेल तर कधी कधी यंत्र ‘निकाल अवैध’ असे सांगून मोकळे होते आणि सारे पुन्हा करावे लागते. म्हणून छत्तीस आठवडे झाल्यावर, हाती वेळ असताना, कल्चर हीच शहाणी निवड आहे. जिचा स्वॅब कधी घेतलाच गेला नाही आणि जी कळा देत दारात आली, तिच्यासाठी तासाभराचे यंत्र मोलाचे, कारण पेनिसिलिनला लागणारे चार तास त्यानंतरही शिल्लक राहू शकतात.

प्रश्न : आमच्या मुलीला जन्मानंतर दुसऱ्या दिवशी दूध ओढवेना म्हणून काचेच्या पेटीत ठेवले. पहिला सीआरपी (संसर्ग झाल्यावर रक्तात वाढणारे एक प्रथिन) ‘नॉर्मल’ आला, रक्ताच्या कल्चरमध्ये ‘वाढ नाही’ असा अहवाल आला, तरी प्रतिजैविके काही दिवस चालूच ठेवली. आता मुलगी उत्तम आहे. पण जंतू नव्हतेच तर औषध कशाला, आणि होते तर चाचणीत का दिसले नाहीत? रक्ताचीही तासाभराची चाचणी का केली नाही? (एक वडील, मडगाव)

उत्तर : मुलगी उत्तम आहे हे वाचून आनंद झाला. तुमच्या मुलीचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तिच्या उपचारांवर मत देणार नाही. पण हे कोडे बहुतेक आईवडिलांना पडते, म्हणून सविस्तर लिहिते.

अडीच किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त सुमारे दोनशे मिलिलिटर असते. चहाचा एक मोठा कप म्हणा. त्यातून कल्चरसाठी एक मिलिलिटर मागितले की परिचारिकेचा हात थरथरतो, आणि ते साहजिक आहे. परंतु नवजात बाळाच्या रक्तात जंतू अनेकदा फार विरळ असतात. एका मिलिलिटरमध्ये चार-दोन, क्वचित एकच. अर्धा मिलिलिटर घेतले तर तो नेमका बाटलीत न येण्याचीही शक्यता असते. ‘वाढ नाही’ या अहवालाचा अर्थ ‘या बाटलीत आलेल्या रक्तात वाढणारा जंतू नव्हता’ एवढाच आहे. आईला प्रसूतीच्या वेळी प्रतिजैविक मिळालेले असेल किंवा बाळाला रक्त घेण्याआधीच पहिला डोस गेला असेल, तर जंतू असूनही वाढत नाही.

तासाभराच्या चाचणीचे घोडेही येथेच अडते. पीसीआरच्या नळीत शेवटी जाणारा द्रव काही मायक्रोलिटरचा असतो, म्हणजे मिलिलिटरचा अगदी लहानसा अंश. मिलिलिटरमध्ये मुळात तीनच जंतू असतील, तर त्या अंशात एक तरी यावा याची खात्री कोण देणार? स्वॅबवर जिवाणू हजारोंनी असतात, म्हणून तेथे यंत्र चालते. रक्तात ते मोजके असतात, म्हणून तेथे आधी त्यांना बाटलीत वाढू द्यावे लागते. ही बाटली यंत्रात ठेवतात. जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, बाटलीच्या बुडाशी असलेला संवेदक बदलतो आणि यंत्र, मध्यरात्र असली तरी, घंटी वाजवते. रोग करणारे बहुतेक जंतू पहिल्या ३६ ते ४८ तासांत ओळख देतात. बाटलीने घंटी दिल्यावर मात्र नव्या पद्धती खरोखर कामाला येतात: एका थेंबाचे ग्रॅम रंजन, म्हणजे जंतूंना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, दहा मिनिटांत जंतूचे घराणे सांगते आणि अनेक जंतूंची एकत्रित पीसीआर चाचणी साधारण तासाभरात त्याचे नाव व काही औषधरोधक जनुके सांगते. पूर्वी यासाठी आणखी दीड-दोन दिवस जात.

सीआरपीविषयी थोडक्यात. ते प्रथिन यकृत तयार करते आणि संसर्ग सुरू झाल्यावर रक्तात चढायला त्याला सहा ते बारा तास लागतात. आजाराच्या पहिल्या तासांतला ‘नॉर्मल’ सीआरपी म्हणजे चोर घरात शिरल्यावर लगेच शेजाऱ्याला विचारलेला प्रश्न; त्याला अजून आवाजच आलेला नसतो. म्हणून तो काही तासांनी पुन्हा करतात. दोनदा कमी आला आणि बाळ सुधारले, तर औषध लवकर थांबवायला त्याचा चांगला आधार होतो. उलट, अवघड प्रसूतीनंतर संसर्ग नसतानाही तो वाढलेला दिसू शकतो. दूध न ओढणाऱ्या दोन दिवसांच्या बाळासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरांना कोणत्याही एका कागदावर भरवसा ठेवता येत नाही.

प्रश्न : मी ग्रामीण भागातील आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. आमच्याकडे अशी जलद यंत्रे आली तर बाळांचे प्राण वाचतील असे सर्वजण म्हणतात. यंत्र आपल्याकडेच बनते असेही ऐकले. ते खरे आहे का? (एक परिचारिका, सत्तरी)

उत्तर : दुसरा भाग खरा आहे. क्षयरोगाच्या निदानासाठी वापरले जाणारे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे पीसीआर यंत्र आपल्याच वेर्णा औद्योगिक वसाहतीतील मोलबायो या कंपनीचे आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली क्षयरोगासाठी त्याची शिफारस केली. प्रयोगशाळेची वातानुकूलित खोली नसतानाही पीसीआर करता येते, हे त्याने दाखवून दिले. पण प्रत्येक जंतूसाठी चिप वेगळी लागते, आणि क्षयाचे यंत्र टेबलावर आहे म्हणून बाळाचे निदान आपोआप होत नाही.

पहिल्या भागाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. आपल्याकडे ‘तासाभराचा अहवाल’ म्हणताना घड्याळ यंत्राचे बटण दाबल्यावर सुरू होते. बाळाचे घड्याळ मात्र त्याने दूध सोडले तेव्हाच सुरू झालेले असते. काही वर्षांपूर्वी मी एका प्रयोगशाळेत काम करत असताना चवथीच्या दुसऱ्या दिवशी एका नवजात बाळाच्या रक्ताची बाटली आली. यंत्र चालू होते, पण ते हाताळणारी व्यक्ती सुट्टीवर गावी गेली होती. दारावरच्या माणसाने, नमुना खराब होऊ नये या सद्भावनेने, बाटली फ्रिजमध्ये ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फ्रिज उघडला, तेव्हा ती लसींच्या खोक्यामागे थंडगार उभी होती. रक्ताच्या कल्चरची बाटली कधीही फ्रिजमध्ये ठेवायची नसते; थंडीत जंतू गारठतात आणि काही मरतात. गंमत अशी की जीबीएसचा स्वॅब एखादा दिवस फ्रिजमध्ये ठेवलेला चालतो, त्यामुळे त्या बिचाऱ्याचा गैरसमज अगदीच निराधार नव्हता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ते बाळ वाचले, पण त्याचे श्रेय आमच्या अहवालाला नव्हते. तेथील डॉक्टरांनी अहवालाची वाट न पाहता औषध सुरू केले होते.

म्हणून तुमच्या केंद्रात यंत्र येण्याआधी मी या गोष्टी विचारीन: नमुना कोण नेतो, वाळपईहून निघालेली गाडी किती वाजता बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचते, रविवारी कोण असते, आणि बाटलीने रात्री दोनला घंटी दिली तर फोन कोणाला जातो? ही साखळी नीट असेल तर जुन्या पद्धतीतूनही एक दिवस वाचतो. ती तुटकी असेल, तर तासाभराचे यंत्रही तुमच्या टेबलावर धूळ खाईल.

आणखी एक बाब तुम्हाला ठाऊक असेल, पण इतर वाचकांसाठी लिहिते. इंग्लंड-अमेरिकेच्या पुस्तकांत नवजात बाळाचा पहिला शत्रू म्हणून ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस दिसतो. आपल्याकडचे चित्र निराळे आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आजारी बाळांच्या रक्तात सर्वाधिक सापडले ते असिनेटोबॅक्टर, २२ टक्के. त्याखालोखाल क्लेबसिएला १७ टक्के आणि ई. कोलाय १४ टक्के. यांतले पुष्कळसे अनेक प्रतिजैविकांना जुमानत नव्हते. असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे सक्शनच्या नळीत, ओल्या सिंकमध्ये आणि न धुतलेल्या हातांवर मुक्काम करणारे जंतू आहेत. गोव्यात जवळजवळ सर्व प्रसूती रुग्णालयांतच होतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यामुळेच बाळाला भेटणारे पहिले जंतू घरचे नसून रुग्णालयाचे असतात. तेव्हा केवळ जीबीएसचे जलद यंत्र आणून आपण एका शत्रूसाठी पहारेकरी ठेवू आणि बाकीच्यांसाठी दार उघडे ठेवू. आपल्या देशात सर्व गरोदर स्त्रियांची जीबीएस तपासणी सक्तीची नाही, त्यामागे हेही एक कारण समजायला हरकत नाही. मला स्वतःला, निवड करायची झाली, तर तुमच्या केंद्रात आधी कोपराने उघडता येणारा नळ हवा आहे.

प्रश्न : सुनेला दूध कमी आहे म्हणून डॉक्टरांनी डब्यातील पावडर सांगितली आहे. पावडरीत जंतू असतात असे नातवाने मोबाईलवर दाखवले. कारखान्यात तपासत नाहीत का? आणि बाळाला जंतू लागले की नाही हे ओळखायला घरच्या घरी करता येणारी एखादी चाचणी आहे का? (एक आजी, म्हापसा)

उत्तर : तपासतात, पण दुधाची पावडर कोरडी असली तरी निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने टिकून राहतो आणि तो डब्यात इतका तुरळक असू शकतो की तपासायला घेतलेल्या नमुन्यात तो येईलच असे नाही. रक्ताच्या बाटलीची जी अडचण वर सांगितली तीच ही. त्याची बाधा क्वचितच होते. पण दोन महिन्यांच्या आतील, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळाला झाली तर ती गंभीर असते. उपाय तुमच्या स्वयंपाकघरात आहे. पाणी खळखळून उकळा, अर्ध्या तासापेक्षा जास्त न थांबता, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जाण्याआधी, त्यात पावडर मिसळा. मग बाटली थंड पाण्यात धरून दूध कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून पाहून पाजा. कोमट पाण्यात पावडर कालवायची सवय येथे सगळीकडे आहे, ती सोडा. उरलेले दूध दोन तासांनंतर ठेवू नका. आणि सुनेला दूध खरोखर कमी आहे की बाळाला नीट धरायला अजून जमलेले नाही, हे एकदा परिचारिकेला पाजताना दाखवून विचारा.

घरी करायची अशी चाचणी नाही, आणि कोणी विकत असेल तर घेऊ नका. तुमचे डोळे आणि हात पुरेसे आहेत. एरवी ओढून पिणारे बाळ दूध सोडते. हलवले तरच हलते. काखेतले तापमान ३७.५ अंशांच्या वर किंवा ३५.५ च्या खाली जाते, शांत झोपेत मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास मोजले जातात, छाती आत ओढली जाते, झटके येतात. यांतले एकही दिसले तर वेखंड उगाळत किंवा सकाळची वाट पाहत बसू नका, त्याच वेळी निघा. नाळ पडून गेली म्हणजे धोका टळला असेही समजू नका. ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसचा उशिरा होणारा आजार तिसऱ्या महिन्यापर्यंत होऊ शकतो आणि प्रसूतीच्या वेळी आईला दिलेले पेनिसिलिन त्यापासून संरक्षण देत नाही.

निघताना सुनेची प्रसूतीची फाइल पिशवीत घ्या. तिच्यात स्वॅबचा अहवाल, पाण्याची पिशवी फुटल्याची वेळ आणि पेनिसिलिन किती वाजता दिले ती नोंद असते. रात्री तुमच्या हातून बाळ घेणाऱ्या डॉक्टरांना कोणत्याही यंत्राच्या आधी ही तीन उत्तरे हवी असतात.